जीपच्या पुढे चालणारा माणूस

मधवाल्याकडे तीस वर्षं जीप होती आणि त्या तीस वर्षांत त्यानं ती एकदाही चालवली नव्हती. जीप बायको चालवायची. तो पुढे चालायचा.

नव्या माणसाला हे पटत नसे. पण त्यांच्या धंद्यात ते अगदी सरळ होतं. दरवर्षी डोंगरावर फुलोरा आला की खालच्या फळबागेतल्या मधपेट्या उचलून वर न्यायच्या. वाट सहा किलोमीटरची, आणि तिला वाट म्हणायचं ते आपलं सवयीनं. आधी ओढा, मग सुट्या दगडांचा चढ, मग एका अंगाला कडा आणि दुसऱ्या अंगाला दरी. तिथं जीप माणसाच्या चालीनं जायची. इतकी हळू, की तो चालत्या गाडीतूनच खाली उतरायचा, पुढे जायचा आणि जीपकडे तोंड करून उलटा चालत हातानं दाखवायचा. हा दगड चाकाखाली घे, तो पोटाखाली घेऊ नको, मागचं चाक सांभाळ.

बायको म्हणायची, "तुम्ही हात नाही हलवलेत तरी चालेल. तुमच्या तोंडाचा रंग बघूनच मला कळतं दरी किती जवळ आली ते."

चार महिन्यांपूर्वी ती गेली. ताप आला, दवाखाना झाला, आठ दिवसांत सगळं संपलं. जीप अंगणात उभी राहिली. तिच्या बॉनेटवर शेजारच्या कोंबड्या बसायला लागल्या आणि मधवाल्यानं त्यांना हाकललंही नाही.

मग फुलोरा आला. बागमालक निरोप देऊन गेला, "सोमवारी मी फवारणी करणार. तुझ्या पेट्या त्याआधी हलव. नंतर माश्या मेल्या तर माझ्या नावानं बोटं मोडू नकोस."

मुलाचा फोन आला. मुलगा दूर शहरात, पाचव्या मजल्यावर राहायचा. "बाबा, पेट्या पलीकडच्या गावातल्या त्या मधवाल्याला देऊन टाका आणि इकडे या. आता कोण नेणार त्या वर?"

"मी नेणार."

"तुम्हाला गाडी येते?"

"शिकेन."

"त्रेसष्टाव्या वर्षी?"

"माश्या कुठे माझं वय विचारतात?"

मुलगा म्हणाला, "बरं. रविवारपर्यंत पेट्या वर गेल्या तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही गेल्या तर पेट्या द्यायच्या आणि इकडे यायचं. कबूल?"

रागाच्या भरात मधवाला कबूल म्हणून बसला. फोन ठेवल्यावर त्याला मुलाचं घर आठवलं. तिथं खिडकी उघडली की समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची, आणि तिच्यात एक माणूस सदानकदा दात घासत असायचा.

भाड्याचे ड्रायव्हर त्यानं आधी बघितले होते. पहिल्यानं पेट्यांत काय आहे ते विचारलं आणि तो तसाच मागे वळला. दुसरा शूर होता. त्यानं जीप सुरू केली, फाटकाबाहेर काढली, पहिल्या खड्ड्यात आदळली आणि मागून चौदा पेट्या एकदम गुणगुणल्या. तो चालत्या गाडीतूनच उडी टाकून पळाला. त्याची एक चप्पल अजून जीपमध्ये होती. ती न्यायलाही आला नाही.

तेव्हा मधवाला मिस्त्रीकडे गेला. कच्चा रस्ता जिथं डांबरी रस्त्याला मिळतो त्या कोपऱ्यावर मिस्त्रीचं गॅरेज होतं. मिस्त्रीला गाड्यांपेक्षा बोलण्याची हौस जास्त. त्यानं गॅरेजमागच्या पडीक जागेत वाळूचा ढीग, दगडांची रास आणि चिखलाचा खड्डा असा संसार मांडला आणि सहा दिवस शिकवलं.

"काका, डोंगरात जीपमध्ये बसलात की तीन गोष्टी घरी ठेवून यायच्या. घाई, लाज आणि ब्रेकवरचा पाय."

"लाज कशाला?"

"अडकलात की मागे येता आलं पाहिजे. लोक बघतायत म्हणून पुढे रेटतो तो दरीत जातो. चढ चढवला नाही तर सरळ मागे यायचं, वळायला जायचं नाही. आडवी झाली की उलटली. आता अंगठे बघू. आत घातलेत? बाहेर काढा! चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा मोडतं. मग पेटीचं झाकण कशानं उघडाल, नाकानं?"

चिखलात शिरायच्या आधी फोर-व्हील टाकायची, म्हणजे चारही चाकांना जोर मिळतो. शिरल्यावर नाही. पाण्यात मध्येच गिअर बदलायचा नाही. उतारावर पहिला गिअर, फोर-व्हीलचा लो म्हणजे सगळ्यात संथ चाल, आणि इंजिनालाच गाडी धरू द्यायची. चढावर बंद पडली तर क्लचला हात काय, पायसुद्धा लावायचा नाही. गिअरमध्येच किल्ली मारायची, जीप बैलासारखी स्वतःच ओढत निघते.

"आणि जी जागा अवघड दिसेल ती आधी पायी चालून बघायची," मिस्त्री म्हणाला.

"ते मला येतं," मधवाला म्हणाला. सहा दिवसांत त्याला येत असलेली ती एकच गोष्ट निघाली.

सपाटीवर तो बरा चालवायचा. दगड आले की मात्र डोकं खिडकीबाहेर काढायचा. आतून त्याला काही दिसतच नसे. तीस वर्षं त्यानं ती वाट जीपच्या बाहेरून बघितली होती. मिस्त्री ओरडायचा, "काका, आत या! गाडी तुम्हाला चालवायचीय, तुमच्या मानेला नाही!"

शनिवारी संध्याकाळी माश्या परतल्यावर त्यानं पेट्यांची तोंडं जाळीनं बंद केली. जीपमध्ये चौदा पेट्या मावत. पंधरावी, सगळ्यात छोटी, कुणीतरी मांडीवर घ्यावी लागायची. आजवर ती त्याच्या मांडीवर असायची, आणि तो उतरला की सीटवर. आता त्याला स्टिअरिंग होतं.

त्यानं मेहुणीला बोलावलं आणि मुलाशी ठरलेलं सगळं सांगितलं. मेहुणी म्हणजे बायकोची सगळ्यात लहान बहीण. पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणायचे. शिवणकाम करायची, एकटी राहायची, आणि गेले चार महिने दर गुरुवारी डबा घेऊन येऊन त्याला बोलून जायची. डबा चांगला असायचा.

पहाटे ती आली ती मोठी पिशवी घेऊन. पेटी मांडीवर घेतली, पट्टा लावला, आणि पेटीतून गूं असा आवाज आल्यावर ताठ झाली.

"भाऊजी, ह्या बाहेर येणार नाहीत ना?"

"जाळी आहे."

"जाळी मला दिसतेय. मी माश्यांच्या मनात काय आहे ते विचारतेय."

"त्यांच्या मनात नऊच्या आत वर पोचायचं आहे. ऊन चढलं आणि पेट्या बंदच राहिल्या तर मेण पाघळतं आणि त्या गुदमरतात. म्हणून आता बोलू नकोस, मला गिअर आठवू दे."

ओढा नीट पार झाला. मधवाला आधी पाण्यात उतरून काठीनं तळ बघून आला, मग फोर-व्हील टाकून हळूहळू पलीकडे निघाला. धाकटी म्हणाली, "वा! मला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच चालवता की." तो कानापर्यंत खूश झाला. सुट्या दगडांचा चढ आला. अंगठे बाहेर, पहिला गिअर, लो. जीप घुरघुरत, माणसाच्या चालीनं वर निघाली.

आणि मग ते कड्याचं वळण आलं.

दर वर्षी इथं तो उतरायचा. बायको सांगायचीसुद्धा नाही, नुसती त्याच्याकडे बघायची. ह्या वर्षी बघायला कुणी नव्हतं, पण तीस वर्षांची सवय ती. त्याचं लक्ष पुढच्या दगडांवर होतं. त्यानं पट्टा सोडला, दार उघडलं, चालत्या जीपमधून खाली उतरला, दार नीट लावलं आणि पुढे चालायला लागला.

जीप बिचारी पहिल्या गिअरमध्ये होती. तिला कुणी थांब म्हटलं नव्हतं. ती मागून येत राहिली.

वीस पावलं पुढे जाऊन तो वळला. उगवतं ऊन समोरच्या काचेवर पडलं होतं, काच नुसती लखलखत होती, आतलं काही दिसत नव्हतं. त्यानं दोन्ही हात वर केले आणि उलटा चालायला लागला.

"ये. ये. ये. जरा डावीकडे घे. माझ्या डावीकडे नाही गं, तुझ्या!"

जीप डावीकडे आली.

"अस्सं! आता सरळ. हा पांढरा दगड चाकाखाली घे. घे, घे, घाबरू नको. शहाणी गं माझी ती!"

जीपनं पांढरा दगड चाकाखाली घेतला, एकदा डुलली आणि पुढे आली. मधवाल्याला बरं वाटलं. चार महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं. हात आपोआप हलत होते, पायाखालची वाट पाठ होती, आणि समोरून जीप सांगितलेलं सगळं ऐकत होती. असं शंभरेक पावलं चाललं. मग वाटेत मोठा दगड आडवा पडलेला दिसला. गेल्या वर्षी तो नव्हता. मधवाल्यानं पंजा दाखवला.

"थांब आता. मला बघू दे."

जीप थांबली नाही.

"अगं थांब म्हणतो ना! ब्रेक!"

आतून आवाज आला, "ब्रेक कुठे असतो, भाऊजी?"

"पायापाशी!"

"माझ्या पायापाशी माझी पिशवी आहे!"

मधवाला दोन पावलं बाजूला सरला. काचेवरचं ऊन हललं. शेजारच्या सीटवर धाकटी दिसली. मांडीवर पेटी, छातीवर पट्टा, एक हात पेटीवर, दुसरा लांब करून स्टिअरिंगवर. ड्रायव्हरच्या सीटवर कुणी नव्हतं. हा ड्रायव्हर गेला कुठे, असा राग त्याला आधी आला. मग ड्रायव्हर कोण ते आठवलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"किल्ली! किल्ली फिरव!"

"कुठल्या बाजूला?"

"तुझ्याकडे! तुझ्याकडे ओढ!"

धाकटीनं पेटीवरचा हात सोडला, किल्ली धरून फिरवली. इंजिन बंद पडलं. गिअरमध्ये असल्यामुळे जीप जागच्या जागी थांबली. मोठ्या दगडात आणि बंपरमध्ये चार बोटांचं अंतर उरलं. पेट्यांत माश्यांचा आवाज तेवढा चालू होता.

मधवाला जाऊन दारापाशी उभा राहिला. हँडब्रेक ओढला.

धाकटी म्हणाली, "पद्धत चांगली आहे मिस्त्रीची. पण मला आधी सांगायचंत ना, मध्येच स्टिअरिंग मी धरायचं असतं म्हणून."

"काय?"

"तुम्ही उतरलात, दारबिर लावलंत, पुढे जाऊन हात दाखवायला लागलात. मी म्हटलं, आता आपली पाळी. डोंगरात असंच चालवत असतील."

"अगं बाई, मी विसरलो!"

"काय विसरलात?"

"मी चालवतोय ते!"

धाकटीनं त्याच्याकडे बघितलं. मग दरीकडे बघितलं. मग ती जी ओरडली ती सगळी इथं लिहिण्यासारखी नाही. तिचे आईवडील, त्याचे आईवडील, मिस्त्री आणि मधमाशी ही जात, कुणी सुटलं नाही. पेटीतल्या माश्यासुद्धा गप्प बसल्या.

त्यात तिनं एक गोष्ट काढली नाही. शहाणी गं माझी ती, हे त्यानं कुणाला म्हटलं होतं, ते तिला कळलं होतं. ते तिनं तोंडावाटे जाऊ दिलं नाही.

ती दमल्यावर मधवाल्यानं दगड पहारीनं बाजूला लोटला आणि पुन्हा स्टिअरिंगवर बसला. पण आता त्याचे पाय ऐकेनात. क्लच सोडला, इंजिन बंद. पुन्हा सुरू केलं, पुन्हा बंद. दरीकडचं चाक कुठे आहे ते आतून दिसेना, आणि डोकं बाहेर काढलं की पाय सुटे. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर त्यानं कपाळ स्टिअरिंगला टेकलं. हॉर्न वाजला. दोघंही दचकली.

ऊन पाठीवर लागायला लागलं होतं. मागच्या पेट्यांतला आवाज बदलला. गुणगुण संपून जोराची घरघर सुरू झाली. मधवाला उतरला, कॅनमधलं पाणी जाळ्यांवर शिंपडलं. आवाज जरा उतरला.

"किती वेळ आहे?" धाकटीनं विचारलं.

"तासभर. फार तर सव्वा."

"आणि मागे फिरलो तर?"

"उद्या फवारणी आहे. आणि मग पेट्या त्या दुसऱ्याच्या आणि मी पाचव्या मजल्यावर."

"तो दात घासणारा?"

"तोच."

धाकटीनं पट्टा काढला. सरकून स्टिअरिंगमागे आली. पेटी शेजारच्या सीटवर ठेवली आणि तिला पट्टा लावला. मग स्वतःला लावला.

"जा पुढे."

"काय?"

"पुढे जा आणि उलटे चाला. ते तुम्हाला येतं. हे मला येतं, आत्ताच आलं."

"अगं, एका अंगाला दरी आहे."

"दरीकडे मी बघणारच नाही. मी तुमच्याकडे बघणार. ताई तेच करायची ना? मला सांगायची ती."

मधवाल्यानं जागच्या जागी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे फारच थोडं होतं. हा ब्रेक, हा हँडब्रेक, तो सोडायचा. अंगठे बाहेर. क्लच विसरून जा. मी पंजा दाखवला की किल्ली बंद, बोट फिरवलं की किल्ली चालू. जीप गिअरमध्येच आहे, ती आपली निघेल.

"म्हणजे पाय ठेवायचाच नाही? मग गाडी चालवण्यात लोकांना एवढं कौतुक कसलं?"

त्यानं पुढे जाऊन बोट फिरवलं. जीप एक झटका देऊन निघाली.

धाकटी सगळं ऐकायची, पण गुपचूप ऐकणाऱ्यांतली ती नव्हती.

"डावीकडे."

"किती?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती? माप सांगा, भाऊजी! बोटभर की वीतभर?"

"वीतभर! आता सरळ. सरळ! अगं, माझ्या अंगावर कशाला आणतेस?"

"तुम्ही सरळ उभे आहात म्हणून!"

"मग मी उभा राहू कुठे?"

"जिथं मी यायला पाहिजे तिथं! पण वेळेवर सरका!"

शेवटच्या वळणावर जीप एकदम आखूड फिरवायची होती. बायको तिथं दोनदा मागेपुढे करायची. धाकटीला मागे घेता येत नव्हतं. त्यानं पंजा दाखवला, किल्ली बंद झाली. तो जवळ गेला. "स्टिअरिंग पूर्ण ओढून धर आणि मग किल्ली मार. सोडायचं नाही. मी सांगेपर्यंत सोडायचंच नाही." तिनं ओढून धरलं. तो कड्याच्या कडेला जाऊन मागच्या चाकाकडे बघत राहिला. चाक कडेपासून हातभर आलं. मग वीतभर. त्याच्या तोंडाचा रंग गेला असावा, कारण आतून धाकटी ओरडली, "भाऊजी, तोंड फिरवा तिकडे! मला काही कळायला नको!"

त्यानं तोंड फिरवलं. जीप वळली.

नऊ वाजून पाच मिनिटांनी पंधरा पेट्या माळावर रांगेनं ठेवल्या. मधवाल्यानं एकेक जाळी काढली. माश्या दारात आल्या, जरा वेळ थबकल्या, पेटीसमोर गोल फिरून जागा बघून घेतली आणि फुलांवर गेल्या. एकही पेटी गेली नव्हती. छोट्या पेटीतल्या माश्या सगळ्यांत शेवटी बाहेर आल्या आणि आधी धाकटीच्या पिशवीवर बसल्या.

त्यानं मुलाला फोन लावला. "पोचल्या."

"खरंच? पंधराच्या पंधरा?"

"पंधराच्या पंधरा."

"कोणी चालवली?"

मधवाल्यानं धाकटीकडे बघितलं. ती पिशवीवरच्या माश्यांना हातवारे करून उठवायचा प्रयत्न करत होती.

"घरच्याच माणसानं," तो म्हणाला.

मुलगा म्हणाला, "बरं. कबूल म्हणजे कबूल. जपून उतरा."

उतरायला मधवाला स्टिअरिंगकडे गेला, तर धाकटी आधीच बसली होती. तो पुन्हा पुढे चालायला लागला. उतारावर लो गिअरमध्ये इंजिन जीपला धरून ठेवत होतं, त्यामुळे ब्रेकचा प्रश्न आला नाही. ओढाही झाला. खाली सपाट कच्चा रस्ता लागला तेव्हा तो म्हणाला, "उतर आता. इथून मी चालवतो. हे मला येतं."

"नाही."

"मग मला शेजारी तरी बसू दे."

"पुढे तुम्ही दिसला नाहीत तर मी बघू कुठे?"

त्यानं समजावून पाहिलं. मग नियमाप्रमाणे फोर-व्हील काढली, कारण सपाट रस्त्यावर ती ठेवायची नसते, आणि पुढे जाऊन बोट फिरवलं. पण तिच्याबरोबर लोही गेला होता. जीप आता दुप्पट चालीनं निघाली. मधवाला उलटा चालत होता, तो उलटा पळायला लागला. मग वळून सरळ पळायला लागला, एक हात मागे करून डावीकडे, उजवीकडे दाखवत. मागून धाकटी हॉर्न देत होती. बागमालक झाडावरून बघत होता. त्यानं हाक मारली, "काय रे, जीप अंगावर येतेय का?"

"नाही!" मधवाला पळत पळत म्हणाला. "मी तिला घरी नेतोय!"

गॅरेजपाशी मिस्त्री रस्त्यात उभा होता. त्यानं आधी पळणारा मधवाला बघितला, मग जीप, मग जीपमधली धाकटी. हातातला पाना खाली पडला.

"काका, हे मी शिकवलेलं नाही!"

मधवाल्यानं पंजा दाखवला. किल्ली बंद झाली. जीप थांबली. तो गॅरेजच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. मिस्त्रीला सगळं धाकटीनं सांगितलं. तिनं सांगितल्यावर त्यात दरी जरा जास्त खोल झाली.

मिस्त्रीनं डोकं धरलं. "काका, चालत्या गाडीतून ड्रायव्हर उतरला असं मी आयुष्यात ऐकलं नाही. ताई, लायसन्स आहे?"

"कसलं?"

"बास. डांबरी रस्त्याला चाक लावायचं नाही. हा रस्ता काका चालवतील, ते त्यांना येतं. डोंगरात तुम्ही. पण सोमवारपासून रोज इथं येऊन क्लच शिकायचा, मागे घ्यायला शिकायचं आणि कागद काढायचा. आणि काका, तुम्ही पुढे चालाल ते बाजूनं, पंधरा पावलं लांब. बंपरला पोट लावून नाही."

"बायकोच्या वेळी जवळच चालायचो," मधवाला म्हणाला.

"त्यांना ब्रेक माहीत होता," मिस्त्री म्हणाला.

ह्यावर मधवाल्याला हसू आलं. आधी बारीक, मग पोट धरून. धाकटीलाही आलं. मिस्त्री चहा सांगायला आत गेला.

तिनं जीपमधून पिशवी काढली, झटकून बघितली, खांद्याला लावली. "वर पेट्या बघायला पुन्हा कधी जायचं असतं?"

"आठ दिवसांनी."

"मग तोवर जरा धावायची सवय करा," ती म्हणाली. "मला गिअर बदलायला शिकवणार आहेत."